कमळाकरांच्या नावाचं शौचालय

आमच्या गावात मला चोंबडी म्हणतात. तोंडावर नाही म्हणत, तोंडावर ‘सत्यवतीकाकी’ म्हणतात, पण मला सगळं कळतं. म्हणू देत. माणसाला प्रश्न पडायचेच नसते तर देवाने धडावर डोकं कशाला बसवलं असतं, नारळ चालला असता.

तर मला पडलेला प्रश्न असा. माझ्या नातीची, अंकिताची, मैत्रीण मीता शाळा सुटली की दप्तर ओट्यावर फेकून थेट माझ्या बाथरूममध्ये का पळते?

आणि रोज बरं का! एक चप्पल इकडे, एक तिकडे. “आजी, आले हां,” एवढंच ओरडायची आणि आत. बाहेर आली की चेहरा असा, की डोक्यावरचा हंडा उतरवलाय. मग घटाघटा पाणी प्यायची, मग ओट्यावर बसून डोक्यावरून जाणारी विमानं मोजायची. आमच्या शेतांवर आता विमानतळ झालाय, त्यामुळे विमानांची काही कमी नाही. मीता नुसत्या आवाजावरून सांगायची, आजी हे छोटं, हे मोठं, हे उतरतंय. मोठी झाली की तिथेच कामाला लागणार म्हणायची, आणि तेही जमिनीवर नाही, वर टॉवरमध्ये. त्यासाठी काय काय शिकावं लागतं ते तिला पाठ होतं.

मीताबद्दल आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे घोळ नको. शाळेच्या हजेरीत तिचं नाव मितेश आहे. टेम्पोवाल्या काळूरामचा थोरला मुलगा म्हणून ती जन्मली, आणि बोलायला लागल्यापासून मी मुलगी आहे म्हणते. अंकिता तिला पहिलीपासून मीताच म्हणते. मी आधी मितेश म्हणायचे, मग कधी हे कधी ते, मग मीताच तोंडात बसलं. होळीला आमच्याकडे सोंगं निघतात, मिशीवाले बाप्ये लुगडी नेसून नाचतात, तेव्हा अख्खं गाव शिट्ट्या मारतं. तेच गाव या पोरीला रस्त्यात ‘बायल्या’ म्हणून हाका मारतं. हे गणित मला अजून सुटलेलं नाही.

असो. बाथरूमचं सांगत होते.

मला आधी वाटलं मुतखडा. आमच्याकडे मिठागरावर राबलेल्या घरांत निम्म्या लोकांना तो असायचा. मी कुळथाचं पाणी उकळून ठेवलं. पोर बिचारी नाक दाबून प्यायली, दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच पळापळ. मग माझं लक्ष तिच्या बाटलीकडे गेलं. अंकिताची बाटली रोज रिकामी यायची, मीताची जशी भरून नेली तशीच परत.

“काय गं, देवाचं तीर्थ आहे का त्यात?” मी विचारलं. “हात लावत नाहीस ती?”

ती हसली आणि विमान बघायला लागली. मला असं कोणी टाळलं की रात्री जेवण जात नाही.

मग वाटलं, शाळेतलं शौचालय घाणेरडं असणार. आता मी काही कोणी ऐरीगैरी नाही, शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष आहे. पद मिळालं ते आमच्या घराने शाळेला जागा दिली म्हणून, पण मिळालं ना? गेले नाकाला पदर लावून. बघते तर काय, फिनेलचा वास, नळाला पाणी, सगळं ठीकठाक. दोन दारं. एकावर मिशीवाला पुरुष रंगवलेला, दुसऱ्यावर अंबाड्याची बाई. अंबाडा जरा डोक्यापेक्षा मोठा झाला होता, पण ते चालायचं. मी त्या दोन दारांसमोर उभी राहिले आणि एकदम डोक्यात प्रकाश पडला. अगं बाई! ही पोर जात असेल कुठे?

संध्याकाळी अंकिताला बाजूला घेतलं. “कुठेच जात नाही आजी,” ती म्हणाली. “मुलांच्यात गेली की मुलं बाहेरून कडी लावतात आणि दार बडवतात. वरून मोबाईल धरतात. मुलींच्यात एकदा आली होती, तर कुणाची तरी आई येऊन भांडून गेली. म्हणून ती दिवसभर पाणीच पीत नाही.”

“आणि हे मला आत्ता सांगतेस?”

“तिने शपथ घातली होती.”

मी अंकितावर ओरडले, आणि मग एकटीच बसून राहिले. आठवीतली पोर, उन्हाळ्यात पत्र्याखालच्या वर्गात बसते आणि पाण्याचा घोट घेत नाही, कारण दोन दारांतलं एकही तिचं नाही. रडू आलं मला, खोटं कशाला सांगू.

पुढच्याच आठवड्यात मीता तापाने फणफणली. पनवेलला दवाखान्यात न्यावं लागलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, लघवी तुंबवून तुंबवून आत जंतू झालेत, हे असंच चाललं तर मूत्रपिंडावर जाईल. मी भेटायला गेले, तर तिची आई, भामा, दाराशीच माझ्या गळ्यात पडली.

“काकी, ह्ये म्हंतात शाळा बंद. चिरनेरला आत्याची पोल्ट्री हाय, तिथं धाडू म्हंतात. कोंबड्या काय चिडवायच्या नाय.”

“आणि तू काय म्हणतेस?”

“मी काय म्हणू? शाळेनं पोरीला जगू दिलं तर शाळा. नायतर पोरगी जिती राहूं दे, मना शाळा नको.”

आतून मीता सगळं ऐकत होती. हाताला सलाईन आणि नजर खिडकीबाहेर. त्या खिडकीतून विमानं दिसत नव्हती, समोर नुसत्या एसटी स्टँडच्या रिक्षा.

मी भामाला सांगितलं, “काळूरामला म्हण, माझ्याशी बोलल्याशिवाय पोरीला कुठं हलवायचं नाय. आमी करतो काय ते.” जीभ सैल सुटते माझी, पण सुटली की मागे घेत नाही.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापक दिनानाथ सरांसमोर जाऊन बसले. सर माणूस वाईट नाहीत. फक्त कोणतीही गोष्ट वरून आल्याशिवाय त्यांना दिसत नाही.

“ताई, तृतीयपंथीयांसाठी कायदा आहे,” ते म्हणाले. “दोन हजार एकोणीसचा. भेदभाव करायचा नाही. आम्ही करत नाहीच.”

“मग ती जाईल कुठे?”

“त्याबद्दल मी वर मार्गदर्शन मागवलंय.”

“आणि मार्गदर्शन येईपर्यंत तिने काय करायचं, दाबून धरायचं?”

सरांनी चष्मा पुसला. मला हसूही आलं आणि रागही.

कायद्यात नक्की आहे तरी काय, हे मला आता बघायचंच होतं. विमानतळात गेलेल्या जमिनीच्या केसमध्ये आमचे वकील होते राफेलभाऊ. पनवेलच्या जुन्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू घराण्यातले, आमच्या ह्यांचे जिवलग मित्र. त्यांचे भाऊ-बहिणी सगळे इस्रायलला गेले, हे एकटे इथे राहिले. म्हणतात, तिकडे माझ्याशी भांडायला सत्यवतीवहिनी कुठे आहेत. त्यांनी कायदा काढून मला मोठ्याने वाचून दाखवला, आणि मी प्रत्येक ओळीला अडवलं.

“म्हणजे शाळेने तिला हाकलायचं नाही.”

“नाही.”

“वेगळं वागवायचं नाही.”

“नाही.”

“मग यात कुठे लिहिलंय, डावं दार की उजवं?”

राफेलभाऊ हसले. “तेवढ्या बारकाईने कायदा लिहीत नाही, वहिनी. तिला आपली वाटेल अशी सोय द्या, एवढा अर्थ काढता येतो. कोर्टात गेलो तर मी तेच म्हणेन. पण तोवर पोर दहावी पास होऊन जाईल.”

“म्हणजे आम्हीच बघायचं.”

“तुम्हीच बघायचं. आणि वहिनी,” ते दारापर्यंत येऊन म्हणाले, “एकदा पोरीलाही विचारा.”

हे शेवटचं मी ऐकलं. ऐकलं, आणि बसमध्ये चढेपर्यंत विसरले. कारण तोवर माझ्या डोक्यात कल्पना आली होती, आणि मला कल्पना आली की दुसऱ्याचं बोलणं कानात शिरत नाही.

शौचालय बांधायचं. तिसरं. तिच्यासाठी खास, माझ्या खर्चाने, ह्यांच्या स्मरणार्थ. कमळाकरांना जाऊन पाच वर्षं झाली, अजून त्यांच्या नावाने गावात काही केलं नव्हतं. लोक बाकडी देतात, पाण्याची टाकी देतात. मी शौचालय देणार. आणि आमच्याकडे काही चांगलं करायचं तर मुकाट्याने करत नाहीत. बारशालासुद्धा बेंजोवाल्यांचा ताफा लागतो. गुपचूप दिलेलं दान म्हणजे काहीतरी पाप झाकतायत, असं लोकांना वाटतं.

महिन्याभरात काम उभं राहिलं. पांढऱ्या टाइल्स, आत वॉशबेसिन, आरसा, दाराला आतून दणकट कडी. माझ्या स्वतःच्या घरात एवढं चांगलं नाही. दारावर संगमरवरी पाटी बसवली: ‘कै. कमळाकर यांच्या स्मरणार्थ, तृतीयपंथी विद्यार्थ्यांकरिता.’ दिनानाथ सर म्हणाले, अक्षरं मोठी हवीत, फोटोत यायला पाहिजेत, वर पाठवायचाय. मोठी केली. शाळेच्या फाटकावर फ्लेक्स लावला. एका कोपऱ्यात ह्यांचा फोटो, एका कोपऱ्यात माझा, खाली शुभेच्छुकांची रांग, आणि मधोमध मीताचा. अंकिताच्या मोबाईलमधून मीच काढून दिला होता. झेंडावंदनाच्या दिवशीचा, छान हसरा.

महिनाभर घरी काढून, बरी होऊन मीता पहिल्यांदा शाळेत येणार तो दिवस उद्घाटनाचा ठरवला. तिला मुद्दाम काही सांगितलं नव्हतं, अंकितालाही गप्प बसवलं होतं. तिला सुखद धक्का द्यायचा होता ना मला.

सगळी शाळा मैदानात. बेंजो. लाल फीत. मी नारळ फोडला, फीत कापली, माईक हातात घेतला आणि म्हणाले, “या आमच्या मीताला यापुढे कोणी अडवणार नाही. ये बाळ. पहिला मान तुझा. जा, जाऊन ये.”

टाळ्या पडल्या. सरांनी फोटोसाठी मोबाईल उंच धरला. मीता दारासमोर येऊन उभी राहिली. पाटी वाचली. मग मागे वळून फाटकावरचा स्वतःचा फोटो बघितला. अख्खी शाळा तिच्याकडे बघत होती, ती आता आत जाणार म्हणून.

ती आत गेली नाही. बेंजोवाल्यांच्या मधून वाट काढत, त्या फोटोखालून, फाटकाबाहेर चालू पडली. पळाली नाही, चालत गेली. बेंजो आपला वाजतच होता, त्यांना थांबा म्हणायचंही कोणाला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. अंकिता माझ्याशी बोलेना. आणि मी? मी भडकले होते. एवढं केलं, नवऱ्याचं नाव लावलं, गावाची तोंडं बंद केली, आणि कार्टी आत पाऊल ठेवत नाही! पण रागाच्या खाली तो माझा जुना किडा वळवळत होताच. का? टाइल्स आवडल्या नाहीत? आरसा नको होता? चुकलं तरी काय?

शेवटी राहवेना, तशीच तिच्या घरी गेले. दारात टेम्पो उभा होता आणि भामा पिशवी भरत होती. पोल्ट्रीला जायची तयारी.

मीता मागच्या पायरीवर बसली होती. मी तिच्या शेजारी बसले, गुडघ्यांनी बोंब मारली तरी.

“मीते, एक सांग. मी चिडलेय तुझ्यावर, पण आधी मला कळू दे. काय चुकलं माझं?”

तिने माझ्याकडे वळून बघितलं.

“आजी, तुमच्या घरच्या बाथरूमवर काय लिहिलंय?”

“काय लिहिणार? काही नाही.”

“तुमच्या घरी हळद होती तेव्हा तिथे कोण कोण गेलं?”

मी विचार केला. अंकिताच्या काकाची हळद होती, पाचशे माणूस. “सगळेच गेले की. बाया, बाप्ये, बेंजोवाले, तो मांडववाला...”

“तुम्ही त्यांना विचारलं, तुम्ही कोण म्हणून?”

“ज्याला लागली तो गेला. त्यात विचारायचं काय?”

“मला पण तेवढंच पाहिजे होतं,” ती म्हणाली. “जायचं आणि यायचं. कोणाला कळायला नको. आता मी त्या दारातून आत गेले की मी कोण ते सगळ्या शाळेला वाचायला मिळणार. रोज. आधी मुलं नुसती कडी लावायची, आजी. आता बोर्ड लावलात.”

ती रडत नव्हती, मीच रडत होते. थोबाडीत मारली असती तर परवडलं असतं. ही पोर माझ्याच घरी का पळत यायची, हे मी कुळीथ उकळून, नाकाला पदर लावून, वकील गाठून शोधत होते, आणि उत्तर माझ्याच घराच्या कोऱ्या दारावर होतं. राफेलभाऊ म्हणाले होते, पोरीला विचारा. विचारायला केवढा वेळ लागला असता?

उठले. भामाला म्हटलं, “पिशवी रिकामी कर. उद्या पोरीला शाळेत पाठव, मधल्या सुट्टीपर्यंत थांब. मग मना काय बोलायचं ते बोल.”

दुसऱ्या दिवशी घरून छिन्नी-हातोडी घेऊन गेले. फाटकावरचा फ्लेक्स आधी ओढून काढला. माझाच चेहरा फाटला त्यात, बरं झालं. मग दाराकडे गेले. पाटीवर ह्यांचं नाव होतं. मनात म्हटलं, अहो, रागावू नका, तुमचं नाव मी दुसरीकडे लावीन. मग घातला घाव.

आवाजाने दिनानाथ सर धावत आले. “ताई, काय करताय! फोटो वर गेलाय!”

“मग फोटो राहू द्या वर. पाटी खाली येतेय.”

“पण मग हे... हे नक्की कोणाचं?”

“ज्याला लागली त्याचं.”

“मुलं आणि मुली एकाच ठिकाणी? पालक काय म्हणतील?”

“सर, तुमच्या घरी किती शौचालयं आहेत?”

“एक.”

“तुमची मुलगी जाते, तुम्ही जाता, सासूबाई जातात. एका वेळी एकच माणूस मावतं आणि कडी आतून आहे. ज्यांना ती जुनी दोन दारं आवडतात त्यांना ती आहेत. पालक आले तर माझ्याकडे पाठवा. मला बऱ्याच दिवसांत कोणाशी भांडायला मिळालेलं नाही.”

सर खाली पडलेले संगमरवराचे तुकडे पोरांच्या पायाला लागू नयेत म्हणून स्वतःच बाजूला करायला लागले. म्हटलं ना, माणूस वाईट नाही.

मधल्या सुट्टीची घंटा झाली. पोरं जमली, बघत उभी राहिली. आता कोणीतरी आधी जायला हवं होतं, आणि यावेळी मी मीताचं नाव घेणार नव्हते. पदर खोचला आणि सगळ्या शाळेसमोर मीच आत गेले. कडी लावली. बाहेर आले तेव्हा पोरं फिदीफिदी हसत होती.

“हसायला काय झालं? तुमची आजी जात नाही?” मी म्हटलं. “चला, आरसा आहे आत. कोणाला भांग पाडायचाय?”

आरसा म्हटल्यावर सातवीतली एक मुलगी पुढे आली. मग दोन मुलं धक्काबुक्की करत. मग अंकिता. बघता बघता रांग लागली, कारण नव्या टाइल्स कोणाला नको असतात? आत कोणीतरी गाणं म्हणत होतं, बाहेरचे दार वाजवत होते.

मीता कधी आली मला दिसलं नाही. मी पाटीचे तुकडे गोणीत भरत होते. आवाज आला म्हणून मान वर केली, तर ती रांगेत चौथी, दप्तर पाठीला, आणि दोन पायांवर नाचत दाराकडे ओरडत होती, “अरे ए, झोपलास का आत? लवकर आटप!”

कोणीही तिच्याकडे वळून पाहिलं नाही. मीसुद्धा मान खाली घातली आणि गोणी बांधायला लागले. बघायची अनावर इच्छा होत होती, आईशप्पथ, पण नाही बघितलं.

संध्याकाळी दोघी आल्या. मीताने चप्पल जोडीने काढली. दप्तर ठेवलं, ओट्यावर बसली, आणि माझ्या बाथरूमकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिच्या बाटलीत पाण्याचा थेंब नव्हता.

“आजी, पाणी,” ती म्हणाली.

मी तांब्या भरून दिला. तिने तो तोंडाला लावून रिकामा केला आणि पुन्हा पुढे धरला.

“अजून.”